आधी टेप, मग सीट

आजचा विषय जरा संकोचाचा आहे. पण ज्यांच्या घरी वृद्ध किंवा आजारी माणूस आहे, त्यांना तो तसा वाटणार नाही.

गेल्या वर्षी आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले. औषध आणि व्यायामाने पाय बराच सावरला, भिंतीला धरून ती चालू लागली. हात मात्र सावरला नाही. कमोडवर बसवण्यापासून धुऊन देण्यापर्यंत सगळे आमच्या सौ. करीत. त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही. पण आईने संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडले. जेवणही अर्ध्या भाकरीवर आले. विचारले तर म्हणे, "भूकच न्हाई." खरे कारण आम्हाला उशिरा कळले. रात्री सुनेला उठवावे लागू नये म्हणून आई तहान मारत होती.

ऑफिसातल्या एका मित्राने विजेवर चालणाऱ्या कमोडच्या सीटची माहिती दिली. बटण दाबले की आतून नळी पुढे येते, कोमट पाण्याने धुते आणि परत आत जाते. आम्हाला हे श्रीमंतांचे चोचले वाटले. पण आज टोटो नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी कंपनीने १९६४ साली अमेरिकेतून अशी सीट आणून विकायला सुरुवात केली, ती मुख्यतः रुग्णांसाठी. तिची स्वतःची 'वॉशलेट' १९८० साली आली. म्हणजे ही वस्तू मुळात आईसारख्यांचीच!

सोसायटीतून कर्ज काढून सीट आणली आणि तिथेच चूक झाली. आम्ही कमोडची फक्त लांबी मोजली होती. सीटचा मागचा भाग जाड असतो, तो फ्लशच्या टाकीला टेकला. बोल्ट भोकात बसेनात. दुकानदाराने बदलून दिली, पण जाण्यायेण्याचा टेम्पो आमच्याच खिशातून गेला. बी. कॉम. शिकलेल्या माणसाला चार मापे घेता आली नाहीत!

तेव्हा ही चार मापे कागदावर लिहूनच दुकानात जा. पहिले, सीटच्या दोन बोल्टच्या भोकांमधले अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. ते बहुधा १४ सें.मी.च्या आसपास असते. दुसरे, भोकांपासून कमोडच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी. गोल कमोडला ती साधारण ४२ आणि लांबट कमोडला ४७ सें.मी. भरते. तिसरे, कमोडची सर्वांत जास्त रुंदी. चौथे, आम्ही विसरलो ते, भोकांपासून मागच्या टाकीपर्यंतची मोकळी जागा. प्रत्येक सीटच्या माहितीपत्रकात ही मापे दिलेली असतात, ती ताडून पाहा.

पाचवे माप माणसाचे. पुष्कळ सीटची बटणे उजव्या बाजूला असतात. आईचा उजवा हातच चालत नाही! म्हणून आम्ही भिंतीवर लावायचा रिमोट असलेली सीट घेतली आणि तो डाव्या भिंतीवर बसवला. धुण्याच्या बटणावर हिरवी टिकली, बंद करण्याच्या बटणावर लाल. आईला वाचता येत नाही, पण रंग कळतात.

पाण्याचा दाबही पाहा. १० मीटर उंचीवरच्या टाकीतून साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब मिळतो. वरच्या मजल्यावर, टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्यांना तो फारच कमी मिळतो. सीटला किमान किती दाब हवा, ते आधी विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचे, वीज. आमच्या संडासाबाहेर तीन भोकांचा सॉकेट होता. वायरमनने उघडला, तर अर्थिंगच्या भोकाला वायरच नाही! ओल्या जागी हा जिवाशी खेळ. नवी अर्थिंगची वायर ओढली आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वीज गळू लागली की तो ताबडतोब पुरवठा तोडतो. पाणी तात्काळ तापवणाऱ्या सीटला १,२०० वॅटहून अधिक वीज लागू शकते, तिथे १६ अँपिअरचा पॉईंट हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. कुणी जपानहून सीट आणली तर ती १०० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टवर ती थेट लावू नका.

बसवणे त्यामानाने सोपे. अँगल कॉक बंद करून फ्लश ओढा, टाकी रिकामी होईल. जुनी सीट काढा, जागा पुसा. नवी पट्टी बोल्टने बसवा आणि सीट तिच्यावर सरकवा, 'खट्' आवाज यायला हवा. कॉकला टी-जोड लावून एक नळी टाकीला, दुसरी सीटला जोडा. वॉशर नीट बसवा, प्लॅस्टिकचे नट हातानेच आवळा, पान्ह्याने फुटतात. पाणी हळू सोडून जोडांवर कोरडा कागद फिरवा. तो कोरडा राहिला तरच प्लग लावा.

आणखी दोन गोष्टी. अंगाला बधिरपणा असेल तर सीटची ऊब बंदच ठेवा, चटका बसलेला कळत नाही. आणि सीटवर ॲसिड पडू देऊ नका, ओल्या मऊ फडक्याने पुसा. वीज गेली की सीट धूत नाही, तेव्हा बादली-मग जागेवर असू द्या.

एवढा खर्च न झेपणाऱ्यांसाठी विजेशिवाय, नळाच्या दाबावर चालणारी साधी सीटही मिळते. पाणी थंड, पण काम तेच. मापे मात्र तीच घ्यावी लागतात.

आता आई आत एकटी जाते. कडी लावायची नाही एवढेच ठरले आहे. सौ. बाहेर उभ्या राहतात, हाक आली तरच जातात. परवा रात्री आईने उशाशी पाण्याचा तांब्या मागितला. भरून ठेवला. सकाळी पाहिला, तर रिकामा होता.