दुपारचे जेवण आणि परतीचे दार

करमणुकीच्या उद्यानात दिवस घालवण्यासाठी गेलेल्या कुटुंबाने दुपारी बाहेर पडावे, समोरच्या रस्त्यावरील एखाद्या साध्या उपाहारगृहात पोटभर जेवावे आणि उन्हे कलल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत शिरावे, ही गोष्ट वरकरणी क्षुल्लक वाटते. तिची चर्चा अग्रलेखाच्या पानावर कशाला, असेही कोणी विचारील. परंतु ज्याने महिन्याच्या पगारातून चार तिकिटांचे पैसे मोठ्या कष्टाने बाजूला काढले आहेत, ज्याच्या धाकट्या मुलाला बरोबर एक वाजता भूक लागते आणि आतल्या उपाहारगृहाच्या फलकावरील आकडे वाचून ज्याला मनातल्या मनात चाराने गुणाकार करावा लागतो, त्याला हा प्रश्न मुळीच क्षुल्लक वाटत नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला बाहेर जाण्याची गरज नाही. आणि ज्याला ती गरज आहे त्याला पुष्कळदा बाहेर जाऊन परत येता येत नाही. म्हणूनच या प्रश्नाचा विचार करणे आवश्यक आहे.

या प्रश्नाचे मूळ शोधायचे तर कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम या गावी जावे लागते. १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्ने यांनी तेथे संत्र्यांच्या बागा असलेल्या सुमारे १६० एकर जागेवर डिस्नेलँड सुरू केले. जगभरच्या आजच्या थीम पार्कांनी कित्ता गिरवला तो याच उद्यानाचा. परंतु ते उभारता उभारता डिस्ने यांची गंगाजळी आटली आणि भोवतालची जमीन घेण्यास पैसा उरला नाही. इतकेच काय, उद्यानाचे नाव धारण करणारे डिस्नेलँड हॉटेलही त्यांना स्वतः बांधता आले नाही. ते जॅक रॅदर या उद्योजकाने बांधले आणि १९८८ पर्यंत ते डिस्ने कंपनीच्या मालकीचे नव्हते. परिणामी उद्यानाच्या कुंपणालगत, हार्बर बुलेव्हार्ड नामक हमरस्त्यावर, मोटेलांची आणि उपाहारगृहांची रांगच उभी राहिली. आपण खपून मांडलेल्या स्वप्नाच्या दाराशी दुसऱ्यांनी दुकाने थाटावीत आणि गल्ला भरावा, याची डिस्ने यांना मोठी खंत होती. मात्र त्यांची जी खंत, तीच पाहुण्यांची सोय ठरली.

ही सोय आजही टिकून आहे. उद्यानाच्या दारातून निघून पूर्वेकडे काही मिनिटे चालले, की हार्बर मार्ग लागतो. तेथे मॅकडॉनल्ड्ज आहे, पॅनकेकसाठी प्रसिद्ध असलेले आयहॉप आहे. पक्वान्नांची ही ठिकाणे नव्हेत. पण ती गावातल्या गिऱ्हाइकासाठी दर लावतात, अडकलेल्या पाहुण्यासाठी नव्हे. एवढ्या भेदानेच पुष्कळ काही साधते. परत येताना पाहुण्याची ओळख पटावी म्हणून वर्षानुवर्षे त्याच्या हातावर विशिष्ट दिव्याखालीच दिसणारा शिक्का उमटवीत. आता तिकिटाशी जोडलेले छायाचित्र हे काम करते. जाणते पाहुणे तर एकमेकांना सल्लाच देतात, की सकाळी दार उघडताच आत शिरावे, दुपारी ऊन आणि रांगा दोन्ही टिपेला पोचल्या की बाहेर पडून जेवावे, घटकाभर विसावा घ्यावा आणि संध्याकाळी ताजेतवाने होऊन परतावे. पैसा वाचतो, पाय वाचतात आणि मुलांची किरकिरही वाचते.

या पायवाटेचे मोल किती आहे, हे काही वर्षांपूर्वी चांगलेच दिसून आले. २०१६ मध्ये डिस्ने कंपनीने हार्बर मार्गाच्या पूर्वेस नवे वाहनतळ आणि तेथून रस्त्यावरून थेट उद्यानाकडे नेणारा पादचारी पूल बांधण्याचे योजले. तोच त्या रस्त्यावरील मोटेलांचे आणि उपाहारगृहांचे मालक विरोधास उभे राहिले. पाहुणे डोक्यावरून निघून गेले तर आमच्या दारावरून कोण जाणार, हा त्यांचा सवाल होता. २०१७ मध्ये कंपनीने ती योजना सोडून दिली आणि वाहनतळ दुसऱ्या बाजूस बांधले. पूल कोठून न्यावा हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो भुकेलेल्या माणसाची पावले कोठे वळतील, याचा होता.

ॲनाहाइमचा धडा डिस्ने यांनी फ्लोरिडात गिरवला. तेथे १९६० नंतरच्या दशकात त्यांनी निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत, गाजावाजा न करता, सुमारे २७,००० एकर जमीन घेतली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले. ते पाहण्यास डिस्ने हयात नव्हते. १९६६ मध्येच त्यांचे निधन झाले होते. पण त्यांची इच्छा फळास आली. तेथील मॅजिक किंगडम या उद्यानाचे मुख्य वाहनतळ एका तलावापलीकडे आहे. तेथवर जायचे तर बोट किंवा मोनोरेल गाठावी लागते, आणि वाटेत भेटतात ती हॉटेलेही कंपनीचीच. परत येण्याची मुभा फ्लोरिडातही आहेच. त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतात, कोणी अडवीत नाही. फक्त जेथे जायचे ते ‘बाहेर’ इतके दूर नेऊन ठेवले आहे, की जाऊन येण्यातच दुपार सरावी. पुढे २००१ मध्ये खुद्द ॲनाहाइमलाही उद्यानाच्या दाराबाहेर कंपनीने आपल्या मालकीचा बाजार वसवला आणि तेथे उपाहारगृहे आणली. पाहुणा बाहेर पडलाच तर तो आपल्याच अंगणात पडावा, अशी ही व्यवस्था.

यात कंपनीने काही पाप केले, असे आम्ही म्हणत नाही. ज्याने भांडवल घातले, तो नफा पाहणारच. परंतु या नफ्याची रचना कशी असते, हे मात्र ग्राहकाने समजून घेतले पाहिजे. १९७१ मध्ये वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने डिस्नेलँडचाच दाखला शीर्षकात घेऊन एक निबंध लिहिला. तो आज अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्यातला पेच असा: प्रवेशासाठी एक दर आणि आतल्या प्रत्येक खेळासाठी वेगळा दर लावता येत असेल, तर मालकाने कोणता दर किती ठेवावा? त्या काळी डिस्नेलँडमध्ये खेळांची कुपने वेगळी घ्यावी लागत. १९८२ मध्ये ती पद्धत संपली आणि एकाच तिकिटात सारे खेळ आले. म्हणजे खेळांवरचा वेगळा दर गेला; अन्नाचा राहिला. पाळण्यात दहा वेळा बसले तरी जादा पैसा पडत नाही, पण पोटात दुसरा घास ढकलायचा तर खिशात हात घालावा लागतो. ज्या उद्यानात परतीची मुभा नाही, तेथे हा दर लावणाऱ्यास कोणी प्रतिस्पर्धीच उरत नाही. याउलट समोरच्या रस्त्यावर पावभर पोटाची सोय असेल आणि तेथे जाऊन येण्याची मुभा असेल, तर आतल्या विक्रेत्यासही हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून परतीच्या शिक्क्याचा लाभ केवळ बाहेर जाणाऱ्यासच होतो असे नाही. जो आतच जेवतो, त्यालाही तो होतो.

यावर चालकांचे म्हणणे असे असते, की अन्नातून पैसा मिळाला नाही तर तिकिटाचे दर वाढवावे लागतील. हे म्हणणे पोकळ नाही. यंत्रांची देखभाल, सुरक्षा, नोकरांचे पगार हा सारा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे. आमचे उत्तर इतकेच, की वाढवायचे ते तिकिटाचे दर वाढवावेत! तिकिटाचा दर खिडकीवर कळतो. तो परवडत नसेल तर माणूस घरून निघण्यापूर्वीच बेत बदलू शकतो. आतल्या जेवणाचा दर मात्र पुष्कळदा पैसे भरून झाल्यावर, दार मागे लागल्यावर आणि मूल रडू लागल्यावर कळतो. दोन्ही रीतींनी एकच रक्कम वसूल होत असेलही; पण पहिल्या रीतीत ग्राहक निर्णय घेतो आणि दुसऱ्या रीतीत तो शरण जातो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. एकाने बाहेर जावे आणि त्याच्या तिकिटावर दुसऱ्याने आत यावे, ही शक्यता खरीच. पण हातावरच्या शिक्क्याने आणि आता छायाचित्राने तिचा बंदोबस्त झाला आहे. अमेरिकेतील डिस्ने उद्याने तर याही पुढे गेली आहेत. काचेची भांडी आणि मद्य वगळता स्वतःपुरते खाद्यपदार्थ आत नेण्यास तेथे मनाई नाही. एवढे करूनही त्यांचा धंदा बसलेला नाही.

आशियातील दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. टोकियोचे डिस्नेलँड १९८३ मध्ये सुरू झाले. तेथे घरचा डबा आत नेऊन खाऊ देत नाहीत. पण प्रवेशद्वाराबाहेर डबा खाण्यासाठी बसण्याची जागा राखून ठेवली आहे. तेथे जेवावे आणि परत आत जावे. नियम कडक, पण माणसाचा विचार केलेला. शांघायचे उद्यान २०१६ मध्ये सुरू झाले. तेथे बाहेरचे अन्न आणण्यास बंदी होती आणि पिशव्यांची झडती घेतली जाई. २०१९ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीने या बंदीविरुद्ध दावा लावला. वृत्तपत्रांतून आणि लोकांतून तिला एवढा पाठिंबा मिळाला, की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तडजोड झाली आणि बंदी शिथिल करण्यात आली. एका विद्यार्थिनीने आपल्या खाऊसाठी केलेला हा दावा. त्याचा लाभ लक्षावधींना झाला.

आपल्याकडे काय स्थिती आहे? १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईस एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, तेथे लाँचने खाडी ओलांडून जावे लागे. २०१३ मध्ये खोपोलीजवळ, द्रुतगती मार्गाच्या परिसरात, इमॅजिका आले. जागेच्या किमती पाहता अशी उद्याने गावाबाहेर उभी राहणे अपरिहार्य आहे. म्हणजे आपली स्थिती ॲनाहाइमपेक्षा फ्लोरिडाशी अधिक जुळणारी. समोर बाजार नाही, पायी जाण्याजोगी खानावळ नाही. त्यात देशातील अनेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई असते. म्हणजे बाहेर जाऊन उपयोग नाही आणि आत आणण्यास परवानगी नाही, अशी दुहेरी कोंडी होते. सकाळी सहाला उठून पोळीभाजीचे डबे बांधणाऱ्या गृहिणीस दारावर ते परत ठेवावयास लावणे, हे आपल्या रीतीरिवाजातही बसत नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या ३ जानेवारी २०२३ च्या निकालाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता असल्याने बाहेरचे अन्न नाकारण्याचा हक्क मालकास आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेल्या अन्नास हरकत घेऊ नये, हेही स्पष्ट केले. या निकालाविषयी पूर्ण आदर बाळगूनही एक भेद नोंदवावासा वाटतो. चित्रपट तीन तासांचा असतो; तेवढा वेळ भूक आवरता येते. उद्यानातला दिवस सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतो. त्यात एक जेवण येणारच. जी गरज टाळता येत नाही, तिच्यावर मक्तेदारी नसावी, हा साधा न्याय होय.

आमच्या मते तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. पहिली, त्याच दिवशी बाहेर जाऊन परत येण्याची मुभा द्यावी आणि ती तिकिटावर छापावी. दुसरी, जेथे पायी अंतरावर उपाहारगृहे नाहीत, तेथे टोकियोप्रमाणे दाराजवळ सावलीची, नळाची आणि हात धुण्याची सोय असलेली जागा डबा खाणाऱ्यांसाठी राखावी. तिसरी, आतल्या साध्या जेवणाचा दर तिकीट खिडकीवरच लावावा. यांपैकी कशासाठीही मोठे भांडवल लागत नाही. मन मोठे लागते.

आणि ते होईपर्यंत ग्राहकाने स्वस्थ बसावे असेही नाही. शाळांच्या सहली हे या उद्यानांचे मोठे गिऱ्हाईक आहे. दोनशे विद्यार्थ्यांची आगाऊ नोंदणी करणाऱ्या मुख्याध्यापकाच्या शब्दास तेथे वजन असते, चार जणांच्या कुटुंबाच्या शब्दास नसते. म्हणून शिक्षकांनी पैसे भरण्यापूर्वी, ‘मुले दुपारी कोठे जेवणार आणि डबे कोठे उघडणार?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. सहलीच्या दिवशी ज्या मुलापाशी खाऊला पैसे नसतात, ते मूल रांगेत मागे मागे राहते आणि भूक नाही असे सांगते, हे कोणत्या शिक्षकाने पाहिलेले नाही? आकाशपाळणा साऱ्यांना सारख्याच उंचीवर नेतो. दुपारच्या जेवणानेही निदान त्या एका दिवसापुरता त्यांच्यात भेद करू नये.