फोर्सचा दिवा कपाटात

प्रेस खाली येत नाही, लाइन थांबलेली आहे. मेंटेनन्सचा माणूस लॅपटॉप जोडतो, पीएलसीचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचा, आउटपुट ‘फोर्स’ करतो, म्हणजे प्रोग्रामला डावलून बळेच चालू करतो, आणि व्हॉल्व्ह उघडला की कळतं : व्हॉल्व्ह ठीक आहे, बिघाड अलीकडे, सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. निदानाची ही रीत चांगलीच आहे. धोका आहे तो फोर्स बसतो त्या जागेत. पीएलसी प्रत्येक फेरीत इनपुट वाचतो, प्रोग्राम सोडवतो आणि मग आउटपुट लिहितो. फोर्स या अखेरच्या पायरीवर हुकूम चालवतो. ‘गार्ड उघडं असेल तर प्रेस खाली नको’ ही प्रोग्राममधली अट तेव्हाही तपासली जाते, तिचं उत्तरही ‘नको’ असंच येतं, आणि तरीही व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडला वीज मिळते. लॅपटॉप काढून नेला म्हणून फोर्स जात नाही. सीमेन्सच्या एस७-१२०० कंट्रोलरमध्ये तो वीज जाऊन परत आल्यावरही टिकतो. पुढच्या पाळीच्या ऑपरेटरला समोर नेहमीचंच पॅनेल दिसतं. फोर्सची खूण सांगणारा दिवा सीपीयूवर असलाच, तर तो बंद कपाटात पेटलेला असतो.

यावर ठरलेला उपाय म्हणजे पासवर्ड आणि किल्ली. पण २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायटन नावाच्या मालवेअरने थेट सुरक्षा कंट्रोलरलाच हात घातला, तेव्हा त्यावरची किल्ली ‘प्रोग्राम’ स्थितीत फिरवलेलीच होती. तिथे हल्लेखोर बाहेरचे होते, आपला फिटर घरचा आहे, हा फरक मान्य. कुलपाची गत मात्र दोन्हीकडे एकच. ज्या कामासाठी कुलूप रोज उघडावं लागतं, त्या कामाला ते फार दिवस अडवत नाही.

म्हणून विचारायला हवं ते हे, की फोर्स रोज का लागतो? जर्मनीतल्या औद्योगिक अपघात विमा संस्थांच्या महासंघाने २००६ साली धातुकाम यंत्रांची पाहणी प्रसिद्ध केली. एक तृतीयांशाहून अधिक सुरक्षा साधनांशी छेडछाड झाल्याचं तीत आढळलं, आणि तेही शिस्तीसाठी नावाजलेल्या देशात! सेटिंग, सफाई, बिघाड शोधणं ही कामं सुरक्षा चालू ठेवून नीट करता येत नसली, की माणूस सुरक्षाच बाजूला सारतो. छेडछाडीचा मोहच कमी होईल असं यंत्र घडवा, असं आयएसओ १४११९ हे मानक रचनाकाराला बजावतं ते याचसाठी. फोर्सचंही तसंच आहे. बटण दाबून धरलं तरच हलणारा, मंद गतीचा, इंटरलॉक शाबूत ठेवणारा मॅन्युअल मोड प्रोग्राममध्ये दिला, तर फोर्सची बहुतेक निमित्तं संपतात. तो न देता यंत्र हवाली करणारा प्रोग्रामर आपलं अर्धं काम फिटरच्या लॅपटॉपवर ढकलत असतो.

उरलेल्या निमित्तांसाठी दुसरी भिंत हवी, आणि ती प्रोग्रामच्या बाहेर. गार्ड आणि इमर्जन्सी स्टॉपचे संपर्क सेफ्टी रिलेमार्गे व्हॉल्व्हचा वीजपुरवठाच तोडत असतील, तर आउटपुट कितीही फोर्स केला तरी गार्ड उघडं असताना प्रेस हलत नाही. सेफ्टी कंट्रोलर हेच आतून करतात : रॉकवेलच्या गार्डलॉजिक्समध्ये सुरक्षा भाग लॉक केला की त्यातले इनपुट-आउटपुट फोर्स करता येत नाहीत.

चाकण-भोसरीचा लघुउद्योजक म्हणेल, जुन्या प्रेसवर हा खर्च कोण करणार? यंत्राचा धोकादायक भाग झाकलेलाच असला पाहिजे, ही अट १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २१ व्या कलमातही होती. तिथे पीएलसी आहे की नाही हा प्रश्नच येत नव्हता. आणि दोन चॅनेलचा गार्ड स्विच, सेफ्टी रिले आणि दोन काँटॅक्टर यांची किंमत प्रेसच्या किमतीपुढे किरकोळच. याहून वजनदार आक्षेप असा, की सेफ्टी रिलेलाही जंपर मारता येतो. येतो. पण जंपर ही वायर असते, कपाट उघडणाऱ्या कुणालाही दिसते, तपासणीत सापडते. फोर्स दिसत नाही. म्हणून तो दिसेल अशी सोय खरेदीच्या करारातच मागावी : अनेक कंट्रोलरमध्ये फोर्सची स्थिती प्रोग्रामला वाचता येते, तेव्हा फोर्स असेपर्यंत यंत्राच्या माथ्यावरचा दिवा पेटता राहावा आणि ऑटो मोड सुरूच होऊ नये. पाळी बदलताना कोणता आउटपुट, कुणी आणि कशासाठी फोर्स केला हे रजिस्टरवर लिहून सही घ्यावी. सहीशिवाय पाळी सोडायची नाही, मग लाइन कितीही मागे पडलेली असो.