‘सीटा’ एक, अवयव अनेक

गांडुळाच्या त्वचेतून डोकावणारे सूक्ष्म काटे, पावसाळ्यात ओल्या भिंतीवर उगवणाऱ्या मॉसचा तांबूस देठ, पालीच्या बोटांखालचे डोळ्यांना न दिसणारे तंतू आणि आंब्यावर करपा आणणाऱ्या बुरशीचे काळपट, टोकदार धागे या चारही रचनांना जीवशास्त्रात ‘सीटा’ हे एकच नाव आहे, आणि त्या नावाखेरीज त्यांच्यात समान असे फारच थोडे आहे. मराठी विज्ञानलेखनाने हे नाव जसेच्या तसे उचलावे, की प्रत्येक रचनेला तिच्या स्वभावानुसार वेगळा शब्द द्यावा, हा प्रश्न वरवर कोशकारांपुरता वाटला तरी तो विद्यार्थ्याच्या आकलनाशी थेट निगडित आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जनावराच्या अंगावरचा, विशेषतः डुकराच्या पाठीवरचा, राठ आणि ताठ केस असा होता. इटालियन भाषेत त्याच शब्दाला रेशमाचा अर्थ आला. फ्रेंचमधील त्याचा वंशज ‘स्वा’ हा तर रेशीम आणि डुकराचा राठ केस या दोन्ही अर्थांनी आजही वापरला जातो. भगंदरावरील शस्त्रक्रियेत ओवला जाणारा ‘सेटन’ नावाचा धागाही याच कुळातला आहे, कारण असा धागा पूर्वी घोड्याच्या केसांचा केला जात असे. निसर्गाभ्यासकांनी मात्र हा शब्द घेताना केवळ बाह्य रूप पाहिले, आणि जे जे बारीक, ताठ व टोकाकडे निमुळते दिसले त्याला तेच नाव मिळत गेले.

गांडुळाचे उदाहरण यात सर्वांत बोधप्रद आहे. भारतीय महाविद्यालयांत दीर्घकाळ अभ्यासल्या गेलेल्या ‘फेरेटिमा’ या गांडुळाच्या अंगावरचे पहिले व शेवटचे वलय आणि प्रौढावस्थेत दिसणारा जाड पट्टा वगळता प्रत्येक वलयाच्या मध्यावर या काट्यांची रांग असते. त्यांना मराठीत ‘दृढरोम’ म्हणतात. प्रत्येक दृढरोम त्वचेतील एका खळग्यात, तळाशी असलेल्या एका विशिष्ट पेशीपासून तयार होतो आणि तो कायटिन व प्रथिने यांचा बनलेला असतो. कायटिन म्हणजे शर्करेसारख्या घटकांची लांब साखळी असलेला, खेकड्याच्या कवचातही आढळणारा पदार्थ. माणसाचा केस याहून सर्वस्वी निराळा असतो, कारण तो केराटिन या प्रथिनाने गच्च भरलेल्या मृत पेशींचा बनलेला असतो. शिवाय गांडुळाला आपले दृढरोम स्नायूंच्या साहाय्याने बाहेर काढता आणि आत ओढता येतात, त्यांनी माती धरून ठेवूनच ते पुढे सरकते. माणसाच्या केसाकडे असले कोणतेही काम नाही. आणखी एक बाब येथे नोंदवण्याजोगी आहे. ज्या गटात गांडुळे मोडतात त्याच्या ‘अल्परोमी’ या नावाला युरोपातील ‘लुंब्रिकस’ गांडुळाच्या प्रत्येक वलयावरील आठच दृढरोम शोभून दिसतात, परंतु वलयाभोवती पूर्ण कडे मिरवणाऱ्या फेरेटिमाला हे नाव ओढूनताणूनच लागू पडते.

पालीकडे वळल्यास द्रव्य बदलते. तिच्या बोटांखालचे तंतू केराटिनचे असतात, तथापि ते सस्तन प्राण्यांच्या केसांतील केराटिनाहून वेगळ्या जातीचे असते. ईशान्य भारतातही आढळणाऱ्या टोके पालीच्या एका पायावर असे सुमारे 5 लाख तंतू असतात, प्रत्येक तंतूच्या टोकाला शेकडो सूक्ष्म फाटे फुटतात, आणि रेणूंमधील अत्यंत क्षीण आकर्षण (व्हान डर वाल्स बल) या असंख्य फाट्यांतून एकत्र आल्यामुळे पाल काचेवरही चढते, हे 2000 आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले.

मॉसच्या बाबतीत तर केसाचा संबंधच संपतो. तेथील ‘सीटा’ हा अनेक जिवंत पेशींचा बनलेला देठ असून, त्याच्या टोकावरील डबीसारख्या भागातील बीजाणू, म्हणजे नव्या रोपाला जन्म देणाऱ्या सूक्ष्म पेशी, वाऱ्यावर उधळता याव्यात म्हणून तो ती डबी उंच धरतो. ज्याला शेतकरीसुद्धा पाहताक्षणी देठ म्हणेल, त्याला राठ केसाचे नाव चिकटवून ठेवण्यात शास्त्राचे कोणतेही हित नाही.

याच शब्दावरून राळ्याच्या प्रजातीला ‘सीटारिया’ हे नाव मिळाले. राळ्याच्या कणसावर दाण्यांभोवती दिसणारे ताठ केस म्हणजे वस्तुतः दाणे न धरलेल्या बारीक फांद्या होत. गहू किंवा जव यांच्या ओंबीवरची कुसे मात्र दाण्यावरील तुसाचीच लांबलेली टोके असतात. दिसायला सारख्या वाटणाऱ्या या दोन गोष्टींचा उगम भिन्न आहे. भारतीय परंपरेने कुसाची दखल फार पूर्वी घेतली होती, कारण चरकसंहितेत तृणधान्यांच्या वर्गाला ‘शूकधान्य’ असे नाव असून शूक म्हणजे कूसच. माळरानावरच्या कुसळी गवताचे नावही त्याच्या कुसळांवरूनच पडले आहे. कूस, कुसळ, शूक, लव, रोम, केसर, तंतू, देठ अशी शब्दांची श्रीमंती ज्या भाषेत आहे, तिने परक्या भाषेतील एका ढोबळ शब्दापुढे हात टेकावेत हे पटणारे नाही.

रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1843 मध्ये मुळात एकच असलेले अवयव आणि केवळ समान कार्य करणारे अवयव यांतील भेद व्याख्येत बांधला, आणि तेव्हापासून तुलनात्मक जीवशास्त्र त्याच भेदावर उभे आहे. ‘सीटा’ म्हटल्या जाणाऱ्या या रचनांमध्ये उगम तर समान नाहीच, पण कार्यही समान नाही. समान आहे ते केवळ दिसणे. एकच लिप्यंतरित शब्द ठेवल्यास पुढे इंग्रजीतून शिकणाऱ्याची सोय होते, हा युक्तिवाद नेहमी केला जातो आणि त्यात तथ्यही आहे, परंतु ती सोय पहिल्या उल्लेखात देवनागरीत मूळ संज्ञा नोंदवून सहज साधता येते. त्यासाठी पुढील सर्व मजकुरात विद्यार्थ्याला संभ्रमात ठेवण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात 1960 पासून कार्यरत असलेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोठे काम उभे केले आहे. त्या कोशांच्या पुढील आवृत्त्यांत या एका नोंदीखाली निदान चार पर्याय वेगळे द्यावेत: गांडूळवर्गासाठी दृढरोम, पालीसाठी पकडतंतू, मॉससाठी बीजाणुदेठ आणि राळ्यासाठी राठफांदी. प्रत्येकापुढे ती रचना कोणत्या द्रव्याची आहे आणि कोठून उगवते, हे एका ओळीत सांगावे. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी आणि वर्गात शिकवणाऱ्यांनी मात्र नव्या आवृत्तीची वाट न पाहता ही सुरुवात याच वर्षी करावी.