चेंडू आधी, चषक नंतर

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जागा उरत नाही. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना पेठाच्या पेठा लोटतात. क्रिकेटने झपाटलेल्या देशात असे एक नगर असावे, ही अभिमानाचीच गोष्ट. परंतु एवढ्या वेडातून देशाच्या संघापर्यंत पोहोचणारी मुले इतकी थोडी का, हा प्रश्न त्या अभिमानाआड दडता कामा नये.

२०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांकडूनही भारत हरला. नऊ गोल झाले, आपण केला एक. मुले जिद्दीत कमी पडली असे कोणी म्हणणार नाही. मात्र प्रतिस्पर्धी अंगावर आला असता चेंडू पायाशी राखणे, मान वर करून सहकारी हेरणे, क्षणात पास देणे, हे सतराव्या वर्षी शिकवून येत नाही. ते सहाव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान अंगवळणी पडावे लागते. नेमकी तीच वर्षे आपण वाया दवडतो.

दहा वर्षांची बावीस मुले मोठ्या मैदानावर सोडली जातात. चेंडू एक, त्यामागे झुंड. कडेच्या मुलाचा पाय चेंडूला लागलाच तर नशीब! शाळेला चषक हवा असतो. मग थोराड मुलगा निवडायचा आणि त्याला चेंडू लांब भिरकावायला सांगायचे. वयोगट एकच असला तरी जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. एवढ्याशा फरकापायी लहानखुरा, पण चपळ पोरगा बाकावर बसतो. पुढे उंची सारखी होते. तोवर त्याने खेळ सोडलेला असतो.

बेल्जियमची लोकसंख्या सव्वा कोटीसुद्धा नाही. २००० ची युरोपीय स्पर्धा नेदरलँड्ससह स्वतःच्या भूमीवर भरवूनही तो संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. मिशेल साब्लों यांनी मग मुळालाच हात घातला. मुलांचे सामने आधी दोनास दोन, मग पाचास पाच, नंतर आठास आठ. सर्वांत लहान गटांतून गुणतक्ते हद्दपार. २०१८ च्या विश्वचषकात बेल्जियम तिसरा आला. जपाननेही १२ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा २०११ पासून आठ जणांची केली.

कोल्हापूरला हे परके वाटू नये. येथील अनेक फुटबॉल संघ तालमींचे आहेत, आणि तालमीतला वस्ताद नव्या पोराला लगेच मैदानी कुस्तीत उतरवत नाही. एकच डाव शेकडो वेळा घोटून घेतो. फुटबॉलमध्येच ही शिस्त का विसरावी? १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर शाळकरी मुलांच्या हाती चेंडू देऊन मोठा उत्सव झाला. हेतू चांगलाच, पण एका दिवसात पाय घडत नाहीत. महासंघाने २०१८ मध्ये बारा-तेरा वर्षांखालील मुलांसाठी 'बेबी लीग'चा मार्ग दाखविला, तो अधिक शहाणपणाचा.

मोठ्या स्पर्धांच्या बक्षिसांतला थोडा वाटा प्रत्येक मंडळाने बाजूला काढला तरी पेठेतल्या मोकळ्या जागेत चार छोटे गोलखांब, मुलागणिक एक चेंडू आणि एक शिकलेला प्रशिक्षक उभा राहू शकेल. आणि घरी परतलेल्या मुलाला "जिंकलास का?" असे विचारण्याआधी पालकांनी, आज चेंडू किती वेळ तुझ्या पायाशी होता, हे विचारावे.