डेस्कटॉपवरचं घड्याळ टोले देतं कुणासाठी?

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचं आहे. रेनमीटर, कॉंकी वगैरे वापरून डेस्कटॉप सजवणारी जी आपली जमात आहे ना, तिच्याशी. (मीही त्याच जमातीतला, त्यामुळे हक्क आहे!)

टोले देणारं घड्याळ हे या जमातीचं लाडकं खेळणं. पितळी चाकं फिरतायत, लंबक हलतोय, दर पंधरा मिनिटांनी वेस्टमिन्स्टरची धून वाजतेय... स्क्रीनशॉट एकदम झकास. दोन-तीन दिवसांत मात्र धुनीचा कंटाळा येतो आणि आवाज बंद केला जातो. उरतं ते मुकं चित्र, आणि वेळ कळायला पुन्हा त्याच्याकडे बघणं आलंच. अरे, बघायचंच होतं तर टोले कशाला हवे होते? टोला असतो तो न बघणाऱ्यासाठी.

मुंबईचा राजाबाई टॉवर घ्या. १८७८ साली बांधून झाला. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. आख्यायिका अशी सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं असे. टोले ऐकून त्यांना कुणाला न विचारता वेळ कळे. आख्यायिका खरी असो नसो, अख्खी रिक्वायरमेंट तिच्यात आली आहे. यूजर कोण, तिला काय हवंय, कधी हवंय. आपल्या स्किनमध्ये यातलं काय असतं? पितळी चाकं!

साधा हिशोब करा. दर तासाला तितके टोले धरले तर दिवसाचे होतात १५६. अर्ध्या तासाचा एकेक जादा धरला तर १८०. यातले तुमच्या उपयोगाचे किती? मला विचाराल तर चार-पाच. बाकीचे म्हणजे नुसती कटकट.

आता जरा बोर्डीला चला. डहाणू तालुक्याचं उत्तरेकडचं टोक, चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं आणि पश्चिमेला समुद्र. लॅपटॉप घेऊन आठवडाभर तिथून काम करावं असं कुणाला वाटत नाही? पण तिथे जाऊन होतं काय? सकाळी इथल्या ऑफिसची वेळ, रात्री क्लायंटच्या देशाची वेळ. मीटिंगची आठवण करून द्यायला कॅलेंडर दहा मिनिटं आधी बोंबलतं. दिवस संपला हे सांगायला मात्र कुणी नाही. समुद्र पाचशे पावलांवर असतो आणि आपण सूर्यास्त दुसऱ्याच्या फोटोत बघतो.

गंमत अशी की भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि बोर्डी आहे ७२.७ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे फरक सुमारे ३९ मिनिटांचा. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती! आज ती परत आणा असं मी म्हणत नाही, ट्रेन चुकेल. पण एक टोला तरी आपल्या सूर्याचा असायला काय हरकत आहे? बोर्डीचा सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास, जूनअखेर सव्वासात उलटल्यावर. अक्षांश-रेखांश दिले की सूर्यास्ताची वेळ काढून देणाऱ्या फुकट लायब्रऱ्या आहेत. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी एकच टोला. बस्स.

सोय माणसाकडे नेण्याची ही गोष्ट बोर्डीला नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ साली तिथे काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथली. आपल्याला साधं विजेटसुद्धा आपल्या दिवसाप्रमाणे बेतता येऊ नये?

काही जण म्हणतील, फोनमध्ये अलार्म आहे की! अलार्म हा हुकूम असतो हो, बंद करेपर्यंत सोडत नाही. नोटिफिकेशनला क्लिक हवं असतं. टोला काही मागत नाही. पडतो आणि विरून जातो. उठायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवायचं. काम करणाऱ्याला इतक्या अदबीने वागवणारी दुसरी गोष्ट निदान माझ्या मशीनवर तरी नाही.

तेव्हा उतरवलेली स्किन पुसा आणि स्वतः लिहा. वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. फक्त दोन खड्डे सांभाळा. एक, बॅशमध्ये तास शून्यासकट घेऊन त्याचा हिशोब केला तर ‘०८’ आणि ‘०९’ ला तो अष्टमान संख्या समजतो. अष्टमानात ८ आणि ९ हे अंकच नाहीत, त्यामुळे नेमके आठ आणि नऊचे टोले गायब! आधी शून्य काढून टाका. दुसरा, लॅपटॉप झोपेतून उठल्यावर हुकलेले टोले देऊ नका. ‘मिनिट शून्य’ एवढीच अट ठेवली तर दहा वाजून पन्नास सेकंदांनी जागं झालेलं मशीनही दहा टोले हाणतं. तासाच्या पहिल्या पाच सेकंदांतच टोला द्या, नाहीतर गप्प बसा. उशिरा पडलेला टोला म्हणजे चुकीची वेळ.

आणि हो, खिडकीच काढू नका. ना चाकं, ना लंबक, ना काटे. स्क्रीनशॉट काढायला काही उरणार नाही, हे मान्य. पण संध्याकाळी एक टोला पडेल, आणि तेव्हा कॉल चालू ठेवायचा की चपला घालायच्या, हे निदान ठरवता तरी येईल. आत्ता तेवढंही आपल्या हातात नाही. पटतंय का बघा.