सांदणाची चिनी बहीण आणि एक जुना अर्ज

बरेच दिवसांत इथे फिरकले नाही, म्हणून दोघा-तिघांचे फोन येऊन गेले. मंडळी, मी खुशाल आहे. लेकीकडे सिंगापूरला आलेय, आणि गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे.

गेल्या रविवारी जावई म्हणाले, "आई, आज नाश्ता बाहेर." तिओंग बारू नावाच्या भागात नेलं. १९३०च्या दशकात बांधायला घेतलेल्या बुटक्या, पांढऱ्या, गोल कोपऱ्यांच्या चाळीवजा इमारती. हल्ली हा भाग तरुण मंडळींचा लाडका झालाय, त्यामुळे पावलोपावली कॅफे. एका कॅफेच्या फळ्यावर कॉफीचा भाव सहा डॉलर वाचला, मनातल्या मनात गुणाकार केला (ही खोड काही जात नाही) आणि माझी तलफच गेली.

पण आम्हाला जायचं होतं बाजारात. खाली भाजी, मासळी, फुलं, आणि वरच्या मजल्यावर नुसते खाण्याचे गाळे, ऐंशीच्या घरात. सेंग पो रस्त्यावर हा बाजार १९५१ पासून आहे. जुना पाडून आताची इमारत २००६ साली उघडली. वर पाऊल टाकलं आणि एकदम गलका! कढयांवर झारे आपटताहेत, वाफा निघताहेत, कोणी नंबर पुकारतंय, आणि बसायला एक खुर्ची मोकळी नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टेबलांवर कागदी रुमालांची पाकिटं ठेवलेली. लेक म्हणाली, "जागा धरलीय ती, बसू नकोस." मला हसूच आलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आम्ही दुसरं काय करत होतो?

शेवटी एका चिनी आजोबांच्या टेबलावर सरकून बसलो. ते काही बोलले नाहीत, फक्त आपली वाटी जवळ ओढून घेतली. लेकीने 'च्वी क्वे' आणले. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले, बशीच्या आकाराचे छोटे गोळे, मधे खळगा, त्यात खारवलेला मुळा बारीक चिरून परतून घातलेला. मी मूळची मालवणची. पहिला घास घेतला आणि म्हटलं, अगं, ही तर सांदणाची बहीण! गूळ न मिळाल्यामुळे रागावलेली, एवढंच. मुळा तेलात परतलाय की चरबीत, हे विचारायचं नाही असं आधीच बजावलं गेलं होतं. सोबत कापडी गाळणीतून गाळलेली, कंडेन्स्ड मिल्क घातलेली दाट कॉफी. तिचे दीड डॉलर पडले.

आता मुद्द्याचं. आपल्याकडचे लोक इथून परत आले की स्वच्छतेचं आणि दंडाचं कौतुक सांगतात. ताट आपलं आपण उचलून ठेवायचं, २०२१ पासून न ठेवल्यास आधी ताकीद आणि मग दंड, हे खरंच आहे. पण मला वाटतं, त्यांचं लक्ष भलतीकडेच असतं. हे सगळे गाळेवाले मुळात रस्त्यावरचेच फेरीवाले. १९६८-६९ मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात त्यांना अशा इमारतींत आणून बसवलं. नळ दिला, गटार दिलं, वीज दिली, जुन्यांना भाड्यात सवलत दिली. म्हणजे आधी जागा, मग शिस्त. सगळे काही खुशीने गेले नसतील. गिऱ्हाईक तुटेल ही भीती कोणाला नसते? पण त्यांना उठवलं ते कुठेतरी बसवण्यासाठी. आपल्याकडे २०१४ साली पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तरी हातगाडीवाल्याच्या वाट्याला अजून बहुतेक वेळा फक्त पहिला अर्धाच भाग येतो.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय, तेही सांगते. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या फाटकाशी एक बाई चिंचा, बोरं, उकडलेल्या शेंगा विकायची. मुलं आजारी पडतात, कचरा होतो, म्हणून गाड्या हटवण्याचा अर्ज शिक्षकांनी केला. मजकूर माझा होता. माझं मराठी चांगलं ना! महिन्याभरात फाटक स्वच्छ झालं. तिचा मुलगा माझ्याच वर्गात होता, सातवीत. दिवाळीनंतर तो आला नाही. मी हजेरीत त्याच्या नावापुढे 'गै' लिहीत राहिले आणि पुढे नाव कमी झालं. त्यांच्या घरी जाऊन यावं असं एकदा मनात आलं होतं. गेले नाही.

हे मी लेकीला तिथेच, च्वी क्वे खाताना सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू एकटीने थोडंच केलंस?" खरं आहे. सह्या अकरा होत्या. पण मजकूर माझा होता.

इथेही सगळं गोड आहे असं नाही. युनेस्कोने २०२० च्या डिसेंबरात या खाद्यसंस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं खरं, पण गाळेवाल्यांचं वय साठीच्या आसपास पोचलंय. पहाटे उठून दिवसभर वाफेत उभं राहायला मुलं तयार नाहीत. आणि का व्हावीत? आईबापांनी त्यांना शिकवलं ते याच्यातून सुटावीत म्हणूनच ना. कॅफेत सहा डॉलर मुकाट्याने देणारा माणूस इथे कॉफी वीस सेंटांनी वाढली की कुरकुरतो, असं जावईच सांगत होते. स्वस्त खाणं कोणाच्या तरी कंबरेवर उभं असतं. आमच्या समोरच टेबलं पुसणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असतील. मी ताट उचलायला उठले, तर गुडघा धरला. त्या लगबगीने पुढे आल्या आणि ताट घेऊ लागल्या. मी सोडेना, त्याही सोडेनात. त्या चिनीत काहीतरी म्हणाल्या, मी मराठीत म्हटलं, "राहू द्या हो बाई, मी नेते." आजोबा पहिल्यांदाच हसले.

शेवटी ताट मीच नेलं. येत्या रविवारी परत जायचं ठरलंय.