आत्याची भाडेपावती



यंदाच्या आमच्या दिवाळी अंकाचा विषय ठरवायला बैठक घ्यावी लागली नाही. १४ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांतली एक चावी माझ्या आत्याच्या हातात पडली. तिचा फोन आला तेव्हा मी इथे जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला पाथ गाडीच्या फलाटावर उभी होते. रडून झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "अगं, आता पहिल्या तारखेला भाडं कुठे भरायचं?"

मला उत्तर सुचले नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न मनातून गेलेला नाही, आणि हा अंक त्यातूनच उभा राहिला.

बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. हे सरकारी खाते १९२० साली निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. सुरुवातीला त्या भरेनात, इतक्या त्या गिरण्यांपासून लांब आणि गैरसोयीच्या होत्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला होता. पुढे मात्र त्या अशा भरल्या, की एका खोलीत दोन बिऱ्हाडे आणि गॅलरीत पाळीप्रमाणे झोपणारे चार गाववाले हे कुणालाच नवल वाटेनासे झाले.

आत्या लग्न होऊन वरळीच्या अशाच एका खोलीत आली. मामा, म्हणजे तिचे यजमान, गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि मामांची नोकरी पुन्हा कधी सुरू झाली नाही. त्यानंतर आत्याने खाणावळ चालवली. बारा-पंधरा जणांचे डबे, पहाटे चारला स्टोव्ह. घरात दूध आले नाही असे दिवस मी सुट्टीत तिच्याकडे गेल्यावर पाहिले आहेत. भाडे थकलेले मात्र पाहिले नाही. पावत्या ती पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवायची. पावतीवर नाव सासऱ्यांचे, नंतर मामांचे. तिचे स्वतःचे नाव त्या कागदावर मामा गेल्यावर लागले, तेही अनेक हेलपाटे घातल्यावर.

अशा बाईने इतक्या वर्षांत भरलेल्या भाड्याला काय म्हणायचे? बँकेच्या लेखी ते नुसते खर्चात गेलेले पैसे. तिने घरासाठी कर्ज मागितले असते तर तिला दारातूनच परत पाठवले असते. खाणावळवाल्या बायांच्या या अडचणीवर प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून तोड शोधली. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नाही, पण ज्यांनी कुणाचे बुडवलेले नाही, अशा बायांना त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिले. वेळेवर भाडे भरणे हीदेखील तशीच पत आहे, असे मला मनापासून वाटते. भाडेकरूला घर मिळते तेव्हा त्याला फुकट मिळाले असे म्हणण्याची पद्धत आहे. वरळीच्या घरांबद्दलही इथल्या काही मंडळींकडून मी ते ऐकले, आणि मला ते फार लागले. म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, तिथे ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर पैसे न घेता दिले, हे खरे. त्याचा खर्च त्याच जमिनीवर बांधून बाजारभावाने विकायच्या जास्तीच्या घरांतून निघणार आहे. पण त्या जमिनीला हा भाव ज्या शहरामुळे आला, ते शहर उभे करणारे लोक त्याच खोल्यांत झोपत होते.

आता आपल्या या गावाकडे येते. न्यूअर्क अव्हेन्यूवर किराणा घेऊन मॉन्टगोमेरी स्ट्रीटने खाली गेलात, तर जिथे आज नव्या इमारती दिसतात तिथे पूर्वी मॉन्टगोमेरी गार्डन्स ही सरकारी भाड्याच्या घरांची वसाहत होती. तिच्या विटांच्या काही उंच इमारती २०१५ च्या ऑगस्टमध्ये सुरुंग लावून पाडल्या. पश्चिमेला डंकन अव्हेन्यूवर ए. हॅरी मूर ही त्याहून उंच मनोऱ्यांची वसाहत होती. तिची गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नाही, ती असायला हवी. १९७० च्या दशकात, लिफ्ट बंद, जिने अंधारे, भाडे थकलेले अशा अवस्थेत तिथल्या भाडेकरूंनी समिती नेमली आणि वसाहतीचा कारभार हाती घेतला. भाडेवसुली, दुरुस्तीच्या तक्रारी, जिन्यांची देखरेख ही सगळी कामे त्यांनी पाहिली. त्यांत पुढे होत्या त्या बहुतेक कृष्णवर्णीय बाया. ही हकीकत वाचताना मला आत्याच्या चाळ कमिटीतल्या, नळावरची भांडणे मिटवणाऱ्या आणि गणपतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहिणाऱ्या बाया दिसल्या.

त्या बायांना कारभार मिळाला, मालकी मिळाली नाही. पुढे मनोरे पाडले गेले, त्यांच्या जागी कमी उंचीची, स्वतंत्र दाराची घरे आली. घरे चांगली आहेत. पण अशा पुनर्बांधणीत देशभर सरकारी भाड्याची घरे पूर्वीपेक्षा कमी झाली आणि सगळ्या जुन्या बिऱ्हाडांना परतता आले नाही.

भाडेकरूंना तीच घरे विकून पाहण्याचा प्रयत्नही अमेरिकेने केला. १९८५ साली रेगन सरकारने सतरा ठिकाणी सुमारे १,३०० घरे विकायला काढली. चार वर्षांनी त्यांतली जेमतेम चौथाई विकली गेली होती. घेणाऱ्यांना हप्ता परवडेना, आणि परवडला तरी छप्पर, बॉयलर, नळ यांचे काम निघाले की पुरते मोडून पडत. वॉशिंग्टनच्या केनिलवर्थ-पार्कसाइडमध्ये किमी ग्रे यांच्या नेतृत्वाखाली भाडेकरूंनी आधी कारभार सुधारला आणि मग वसाहत एका डॉलरला घेतली. एका डॉलरच्या त्या घरांच्या दुरुस्तीवर सरकारला कोट्यवधी डॉलर घालावे लागले. त्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मला ती टीका पटत नाही. पडझड झालेले घर गरिबाच्या गळ्यात बांधून हात झटकण्यापेक्षा ते नीट करून देणे केव्हाही बरे.

दुसरी बाजू ब्रिटनची. तिथे १९८० च्या कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना घर सवलतीत घेण्याचा हक्क मिळाला, आणि वीस लाखांहून अधिक घरे विकली गेली. लाखो कामगार कुटुंबे पहिल्यांदा मालक झाली. विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी मात्र बांधली गेली नाहीत. पुढच्या पिढीतल्या गरिबांना भाड्याचे सरकारी घर मिळेनासे झाले. शेवटी स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये तो हक्कच काढून घेतला. म्हणून माझे म्हणणे असे, की भाडेकरूला घर जरूर विका, सवलतीत विका, पण त्या प्रत्येक घरामागे भाड्याचे एक नवे घर बांधण्याची तरतूद त्याच कागदावर असू द्या. उद्या कोकणातून, ग्वाटेमालातून किंवा आपल्या विदर्भातून जो मुलगा शहरात येईल, त्याला कुठली गॅलरी मिळणार आहे?

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, व्यवस्थेतली एक योजना मला फार आवडते, आणि ती आपल्या सरकारांनी उचलावी असे वाटते. सरकारी घरात भाडे मिळकतीच्या साधारण तीस टक्के असते, म्हणजे पगार वाढला की भाडे वाढते. १९९० च्या कायद्याने अशी सोय केली, की योजनेत नाव घातलेल्या कुटुंबाची कमाई वाढली तर वाढीव भाड्याइतकी रक्कम त्याच्या नावाने खात्यात साठत जाते. साधारण पाच वर्षांनी, ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या की ती रक्कम त्याची. तीच घर घेताना भरायची पहिली रक्कम होऊ शकते. ज्यांच्याकडे भाड्याचे सरकारी व्हाउचर आहे, त्यांना काही ठिकाणी तेच व्हाउचर कर्जाच्या हप्त्यासाठी वापरता येते, बहुधा पंधरा वर्षांपर्यंत. भाडेकरू आणि मालक यांच्यामध्ये या योजनांनी एक पायरी ठेवली आहे, आणि चढणाऱ्याला तिथे क्षणभर टेकता येते.

मालक झाल्यावरही आधार लागतोच. या शहरात २०१८ साली तीस वर्षांनी मालमत्तेचे फेरमूल्यांकन झाले, तेव्हा हाइट्स भागातली कित्येक म्हातारी जोडपी कराचे नवे बिल घेऊन स्वयंपाकघरात सुन्न बसली होती. घर स्वतःचे, कर्ज फिटलेले, आणि तरी राहणे परवडेना. वरळीच्या चाळीस मजली इमारतींची देखभाल पहिली बारा वर्षे म्हाडा करणार आहे. तेराव्या वर्षी लिफ्टचा, पंपाचा, आगीच्या यंत्रणेचा खर्च त्या सोसायटीवर येईल, तेव्हा आत्यासारख्या बाईने तो कशातून द्यायचा याचा विचार आजच व्हायला हवा. बारा वर्षे भरपूर आहेत. दरमहा थोडे बाजूला टाकायला, सोसायटीचा हिशेब वाचायला शिकायला, समितीत बायांना बसवायला तेवढी पुरतात. आणि नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथली कामे त्या ऑगस्टपर्यंत पुरी झालेली नव्हती. शिवडीच्या चाळी तर पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने या प्रकल्पात आल्याच नाहीत. तिथल्या बिऱ्हाडांचा यात काय दोष?

या अंकात घर या एकाच विषयावर लेख, कथा आणि आठवणी आहेत. काही मजकूर इथल्या भाड्याच्या खोल्यांतून आला आहे, काही परळ-लालबागहून. 

परवा आत्याला पुन्हा फोन केला. नव्या घराच्या दाराबाहेर गॅलरी नाही, म्हणून कंदील कुठे लावायचा यावर मजल्यावरच्या बायांची बैठक चालू होती. मी विचारले, ट्रंकेतल्या पावत्यांचे काय केलेस? म्हणाली, "आहेत की. लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी ठेवणार आहे."